आपद्धर्माचं सरकार : ब्रिटनचं संयुक्त मंत्रिमंडळ, १९४० ते १९४५



आजचा विषय इतिहासाचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. मी आयुष्यभर वर्गात नीतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे सनावळ्या मी आपल्यापुढे ठेवीन, पण माझा जीव अडकलाय तो एका नैतिक प्रश्नात. एकमेकांचे पक्के विरोधक संकटात एकत्र येतात, सरकार चालवतात आणि संकट सरल्यावर वेगळे होतात. त्या एकत्र येण्याची किंमत नेमकी कोण मोजतं? हा तो प्रश्न.

सुरुवात एका गोष्टीनं करतो. महाभारतात शांतिपर्वामध्ये आपद्धर्माचा भाग आहे. युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की, चहूबाजूंनी शत्रू असताना राजानं कोणाशी मैत्री करावी आणि कोणाशी वैर? भीष्म त्याला एक गोष्ट सांगतात. एका वडाच्या झाडाच्या मुळाशी पलित नावाचा उंदीर राहायचा आणि झाडावर लोमश नावाचं मांजर. एके रात्री मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकलं. उंदीर खुशीत बाहेर आला, पण बघतो तो खाली मुंगूस टपलेलं आणि वर फांदीवर घुबड. मग उंदरानं मांजराशी करार केला. तू मला पोटाशी घे, म्हणजे ते दोघे निघून जातील. मी तुझं जाळं कुरतडतो. तसंच झालं. मांजर सारखं म्हणत होतं, लवकर कुरतड. उंदीर मात्र सकाळी पारधी दिसेपर्यंत थांबला, शेवटचा दोर तेव्हाच तोडला आणि बिळात पळाला. नंतर मांजर बिळाशी येऊन म्हणालं, आता आपण मित्र झालो, बाहेर ये. उंदीर म्हणाला, बाबा रे, ज्या कारणानं मैत्री झाली ते कारण संपलं. आता तू तुझ्या वाटेनं जा, मी माझ्या.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचंय.

ओळखीची माणसं

आपण लंडनकडे जातोय, पण माणसं बरीचशी आपल्या ओळखीची आहेत. विन्स्टन चर्चिल तरुणपणी, १८९६ साली, लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले तेव्हा मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना त्यांचा खांदा निखळला. तो खांदा त्यांना जन्मभर त्रास देत राहिला. लॉर्ड हॅलिफॅक्स म्हणजे आपले पूर्वीचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, ज्यांच्याशी १९३१ साली गांधीजींचा करार झाला. क्लेमंट ॲटली हे सायमन कमिशनचे सदस्य. ३ फेब्रुवारी १९२८ ला ते कमिशन मुंबई बंदरात उतरलं आणि त्याचं स्वागत काळ्या निशाणांनी झालं. खुद्द सर जॉन सायमनही या सरकारात होते, लॉर्ड चॅन्सेलर म्हणून. आणि भारतमंत्री लिओपोल्ड अमेरी यांचा जन्म तर गोरखपूरचा. म्हणजे बघा, ब्रिटनच्या युद्धकालीन सरकारात हिंदुस्थान पाहिलेल्या माणसांची वाण नव्हती. पुढे जे घडलं ते केवळ अज्ञानातून घडलं असं म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही.

जुळणी

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. पंतप्रधान होते नेव्हिल चेंबरलेन, हुजूर पक्षाचे. त्यांनी मजूर पक्षाला सरकारात यायचं निमंत्रण दिलं. मजूर पक्षानं ते नाकारलं. चेंबरलेन आपल्याला तुच्छ लेखतात आणि हिटलरशी तडजोड करण्याचं पाप त्यांच्याच माथी आहे, अशी त्या पक्षाची भावना होती. युद्धाला पाठिंबा, पण तुमच्या हाताखाली काम नाही. पोटनिवडणुकांत मात्र एकमेकांविरुद्ध उमेदवार द्यायचे नाहीत, असा तह तिन्ही प्रमुख पक्षांनी केला. ज्याची जागा रिकामी होईल, ती त्याच पक्षाकडे राहायची.

इकडे त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या नेत्यांपैकी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ प्रांतांमधल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ गेलं. लंडनमध्ये विरोधी पक्षाला निदान विचारलं गेलं आणि त्याला नाही म्हणता आलं. इथे विचारायचीच पद्धत नव्हती. हा फरक पुढे लागणार आहे.

एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेची मोहीम फसली. गंमत अशी की त्या मोहिमेची मोठी जबाबदारी आरमारमंत्री म्हणून चर्चिल यांचीच होती. ७ आणि ८ मे ला पार्लमेंटात चर्चा झाली. ॲडमिरल सर रॉजर कीज आरमारी गणवेश घालून सभागृहात आले आणि सरकारवर तुटून पडले. अमेरी हे चेंबरलेन यांच्याच पक्षाचे आणि जुने स्नेही, पण त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीच्या क्रॉमवेलचे शब्द उचलून चेंबरलेन यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. म्हातारे लॉईड जॉर्ज चर्चिल यांना उद्देशून म्हणाले की, सहकाऱ्यांना वाचवायला स्वतःची ढाल करू नका. मतदान झालं. सरकारच्या बाजूनं २८१, विरुद्ध २००. एरवी दोनशेच्या वर असणारं मताधिक्य ८१ वर आलं.

आता गणिताच्या भाषेत सांगायचं तर चेंबरलेन जिंकले होते. ८१ मतांनी जिंकलेला माणूस राजीनामा का देतो? कारण मतं मोजता येतात तशी मान्यताही मोजता येते, फक्त तिचं माप वेगळं असतं. त्यांच्या पक्षाच्या सुमारे ४० जणांनी विरोधात मत दिलं होतं, कित्येक तटस्थ राहिले होते. युद्ध चालवायचं तर कारखाने चालले पाहिजेत, कारखाने चालायचे तर कामगार संघटना बरोबर हव्यात आणि संघटना हव्या असतील तर मजूर पक्ष हवा. चेंबरलेन यांना हे कळलं.

९ मे ला प्रश्न उरला तो वारसाचा. हॅलिफॅक्स की चर्चिल? हॅलिफॅक्स यांच्याकडे चेंबरलेन यांचा ओढा होता, राजाचाही होता. पण हॅलिफॅक्स स्वतःच मागे सरले. आपण लॉर्डांच्या सभागृहात बसतो, कॉमन्समध्ये पाय ठेवता येत नाही, तिथून युद्ध कसं चालवणार, असं त्यांचं म्हणणं. ॲटली आणि त्यांचे उपनेते आर्थर ग्रीनवुड यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आमच्या पक्षाला विचारून सांगतो. पक्षाची मंडळी अधिवेशनासाठी बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावी जमली होती. दोन प्रश्न घेऊन हे दोघे तिकडे गेले. चेंबरलेन यांच्या हाताखाली काम कराल का? दुसऱ्या कोणाच्या हाताखाली कराल का?

१० मे ला पहाटे जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये घुसल्या. चेंबरलेन यांना वाटलं की, आता अशा वेळी आपण राहायला हवं. पण संध्याकाळी बोर्नमथहून उत्तर आलं. पहिल्या प्रश्नाला नाही, दुसऱ्याला होय. त्याच संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाले.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जर्मन रणगाडे हॉलंडमध्ये शिरलेले असताना ॲटली म्हणाले नाहीत की, आता वेळ नाही, मीच ठरवतो. ते गाडीत बसून पक्षाला विचारायला गेले. १३ मे ला पक्षाच्या अधिवेशनानं प्रचंड बहुमतानं सरकारात जायला मान्यता दिली आणि त्याच दिवशी कॉमन्समध्ये नव्या सरकारवर विश्वास व्यक्त झाला, ३८१ विरुद्ध शून्य.

पाच माणसं आणि मे महिन्याचा शेवट

युद्ध मंत्रिमंडळ पाच जणांचं होतं. चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स हे तीन हुजूर पक्षाचे, ॲटली आणि ग्रीनवुड हे दोन मजूर पक्षाचे. चेंबरलेन यांना बाहेर फेकलं नाही, हे लक्षात घ्या. पक्ष अजून त्यांचाच होता. लष्कर, आरमार आणि विमानदल ही तीन खाती तीन पक्षांत वाटली. लष्कर हुजूर पक्षाचे ईडन यांच्याकडे, आरमार मजूर पक्षाचे अलेक्झांडर यांच्याकडे, विमानदल लिबरल पक्षाचे सिंक्लेअर यांच्याकडे. आणि मजूरमंत्री झाले अर्नेस्ट बेविन. हे तर त्या वेळी पार्लमेंटचे सदस्यही नव्हते. वाहतूक कामगारांच्या संघटनेचा नेता थेट मंत्रालयात आणून बसवला.

हे सरकार कशासाठी होतं, याची परीक्षा पंधरा दिवसांतच झाली. २६ ते २८ मे, हे तीन दिवस. फ्रान्स कोसळतोय, ब्रिटिश फौज डंकर्कला कोंडलेली. हॅलिफॅक्स म्हणाले, मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी काय आहेत ते निदान चाचपून तरी बघू. हा काही वेडा विचार नव्हता. विवेकी माणसाला सुचावा असाच होता. पण त्या पाच जणांत ॲटली आणि ग्रीनवुड ठामपणे चर्चिल यांच्या बाजूनं राहिले. चेंबरलेन डळमळत होते, तेही शेवटी चर्चिल यांच्याकडे झुकले. २८ मे ला चर्चिल यांनी युद्ध मंत्रिमंडळाबाहेरच्या पंचवीसेक मंत्र्यांना बोलावलं आणि त्या सगळ्यांनी लढायच्या बाजूनं कौल दिला. विषय संपला.

आपण चर्चिल यांचं कर्तृत्व एकट्याचं समजतो. त्या तीन दिवसांत त्या टेबलाशी मजूर पक्षाचे ते दोघे नसते, तर काय झालं असतं याचा विचार करा. इतिहासात 'तर' ला जागा नाही म्हणतात, पण नीतिशास्त्रात आहे.

लांबणीवर टाकलेलं

उंदीर आणि मांजर यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं. या सरकारचंही तसंच. हिटलरला हरवायचं, एवढं एक वाक्य सगळ्यांना मान्य. खाणी कोणाच्या मालकीच्या, गरिबाच्या आजारपणाचा खर्च कोणी करायचा, साम्राज्याचं काय करायचं, यावर दोन टोकं. मग करायचं काय? ते प्रश्न बाजूला ठेवायचे. ज्यावर बोलायचं नाही असं ठरलेलं असतं, त्याच्यावर संयुक्त सरकार उभं असतं.

पहिल्या काळात हे छान जमलं. २२ मे १९४० ला एकाच दिवसात पार्लमेंटनं असा कायदा मंजूर केला की, सरकारला कोणाही माणसाला कामाला लावता यावं आणि कोणाचीही मालमत्ता ताब्यात घेता यावी. त्याच सुमारास युद्धातल्या जादा नफ्यावरचा कर शंभर टक्के झाला. म्हणजे मजुरांनो तुम्ही हक्क सोडा आणि मालकांनो तुम्ही नफा सोडा. यात एक न्याय होता आणि तो लोकांना दिसत होता. रेशनच्या रांगेत साहेबही उभा आणि हमालही उभा.

पण बाजूला ठेवलेले प्रश्न गप्प बसत नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. बेव्हरिज यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील तिथे न्यायाधीश होते आणि आई ॲनेट यांनी 'बाबरनामा'चं इंग्रजी भाषांतर केलं होतं. दारिद्र्य, आजार, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढायची भाषा त्या अहवालात होती. सरकारी अहवाल विकत घ्यायला लोक रांगा लावतात, हे आपण कधी पाहिलंय का? तिथे तसं झालं, लाखो प्रती खपल्या. लोकांना कळलं की युद्ध कशाविरुद्ध आहे हे ठाऊक होतं, आता ते कशासाठी आहे हेही कोणीतरी सांगतंय.

सरकार मात्र चाचरलं. चर्चिल यांचं म्हणणं, आधी युद्ध जिंकू, पैशाचं मग बघू. फेब्रुवारी १९४३ मध्ये कॉमन्समध्ये चर्चा झाली, तेव्हा मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. शंभराहून अधिक मतं विरोधात पडली. आणि मजूर पक्षाचेच मंत्री सरकारच्या बाजूनं मत देत होते. मंत्र्यांचा पक्ष एकीकडे, मंत्री दुसरीकडे.

पोटनिवडणुकांमधला तह होताच, पण लोकांनी त्यालाही वळसा घातला. कॉमन वेल्थ नावाचा एक छोटा नवा पक्ष निघाला आणि त्यानं हुजूर पक्षाच्या हक्काच्या काही जागा घेतल्या. झाकण घट्ट बसवलं की वाफ दुसरीकडून निघते, तसं.

मार्च १९४४ ची एक घटना सांगतो. नवीन शिक्षण कायद्यावर चर्चा चालू होती. शिक्षणमंत्री होते रॅब बटलर, त्यांचा जन्मही आपल्याकडचा, पंजाबातल्या अटकचा. हुजूर पक्षाच्याच थेल्मा कॅझलेट-कीर या बाईंनी दुरुस्ती मांडली की, शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार मिळावा. मतदान झालं आणि ११७ विरुद्ध ११६, एका मतानं सरकार हरलं. पाच वर्षांतला या सरकारचा हा एकच पराभव. चर्चिल संतापले. त्यांनी तो प्रश्न सरकारवरच्या विश्वासाचा केला आणि दोनच दिवसांत ४२५ विरुद्ध २३ मतांनी तो निर्णय फिरवून घेतला. नॉर्मंडीवर उतरायची तयारी चाललेली असताना बायकांच्या पगाराचा प्रश्न काढता? असा सूर. म्हणजे बायकांनी कारखान्यात तोफगोळे करायचे, पण समान पगाराचं युद्ध संपल्यावर बघू. आपत्काळाचं सरकार पहिल्यांदा कोणाला 'नंतर' म्हणून सांगतं, ते यावरून ओळखावं.

त्या झाडाखाली आणखी कोण होतं?

आता मी माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो आणि इथे मला थोडं घरचं बोललं पाहिजे. आमच्या वडिलांच्या तोंडी ॲटली यांचं नाव आदरानं यायचं. आम्हाला स्वातंत्र्य देऊन टाकणारा साधा, अबोल माणूस, असं ते म्हणायचे. चर्चिल म्हणजे खलनायक आणि ॲटली म्हणजे सज्जन. मीही पुष्कळ वर्षं हेच धरून चाललो. मग एकदा १९४२ च्या ऑगस्टबद्दल वाचत होतो आणि थबकलो.

आधी पार्श्वभूमी. १९४२ च्या फेब्रुवारीत ॲटली यांनी मंत्रिमंडळापुढे एक टिपण ठेवलं. हिंदुस्थानच्या बाबतीत आहे तसं चालणार नाही, कोणीतरी जाऊन राजकीय तोडगा काढला पाहिजे, असा त्याचा आशय. क्रिप्स शिष्टाई त्यातूनच निघाली. म्हणजे ॲटली यांना कळत नव्हतं असं नाही, त्यांनी प्रयत्नही केला. एप्रिलमध्ये ती शिष्टाई फसली. मग ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड. गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये. नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. आगाखान पॅलेसमध्ये पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या.

या अटकेला लंडनमध्ये मंजुरी मिळाली तेव्हा चर्चिल तिथे नव्हते, ते कैरोच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या गैरहजेरीत युद्ध मंत्रिमंडळाच्या अध्यक्षपदी उपपंतप्रधान बसत. आणि उपपंतप्रधान होते क्लेमंट ॲटली.

मी काही दिवस अस्वस्थ होतो. वडील तेव्हा हयात नव्हते, नाहीतर त्यांना विचारलं असतं. ॲटली यांची बाजू मांडता येते. जपानी फौजा ब्रह्मदेशात होत्या, मार्चमध्येच रंगून पडलं होतं. ॲटली यांनी विरोध करून राजीनामा दिला असता, तर कदाचित ते सरकार फुटलं असतं, हिटलरला आनंद झाला असता. हे सगळं खरं आहे. पण यातून एवढं निघतं की, एकजूट टिकवण्यासाठी जी गोष्ट सोडली, ती ॲटली यांची स्वतःची नव्हती. ती आपली होती.

पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, बंगालचा दुष्काळ. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेला, मेदिनीपूरकडे ऑक्टोबर १९४२ चं चक्रीवादळ होऊन गेलेलं, किमती भडकलेल्या. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतलेल्या किंवा मोडलेल्या. लोक कलकत्त्याच्या फुटपाथवर मरत होते. भारतमंत्री अमेरी यांनी युद्ध मंत्रिमंडळापुढे धान्याची मागणी पुन्हा पुन्हा मांडली. जहाजं नाहीत, या कारणाखाली मागणीच्या मानानं फार थोडं मंजूर झालं. सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला, पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. दुष्काळाची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांत आपल्या इथल्या साठेबाजांचाही वाटा आहे, हे मी मान्य करतो. पण लंडनच्या त्या सरकारातल्या एकाही मंत्र्यानं, कोणत्याही पक्षाच्या, बंगालसाठी राजीनामा दिला नाही.

आणि याच बंगालमध्ये तेव्हा एक संयुक्त मंत्रिमंडळ होतं, हे विसरू नका. १९४० साली लाहोरचा ठराव मांडणारे फजलुल हक मुख्यमंत्री आणि हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी अर्थमंत्री. डिसेंबर १९४१ मध्ये हे मंत्रिमंडळ बनलं. जुळणी लंडनइतकीच अवघड होती, एका अर्थी जास्तच. पण लंडनच्या सरकारकडे सत्ता होती, यांच्याकडे खुर्च्या होत्या. होड्या काढून घेण्यासारखे निर्णय गव्हर्नर आणि लष्कर परस्पर घेत होते. हक यांनी लेखी तक्रार केली, काही झालं नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुखर्जी बाहेर पडले. मार्च १९४३ च्या अखेरीला गव्हर्नरनी हक यांना बोलावून आधीच तयार ठेवलेल्या राजीनाम्यावर त्यांची सही घेतली. दुष्काळ दाराशी आला आणि निवडून आलेलं मंत्रिमंडळ असं एका कागदावर गेलं. ब्रिटनमध्ये सरकार पाडायला पार्लमेंट लागलं, बंगालमध्ये गव्हर्नरचा एक कागद पुरला.

मोड

८ मे १९४५. युरोपातलं युद्ध संपलं. पार्लमेंट निवडून आलं होतं नोव्हेंबर १९३५ मध्ये, म्हणजे दहा वर्षं मतदाराला कोणी विचारलंच नव्हतं. दरवर्षी कायदा करून मुदत वाढवत नेलेली. ज्याचं वय तीसच्या आत, त्यानं आयुष्यात सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलेलंच नव्हतं. मग तो माणूस टोब्रुकला लढलेला असो की नॉर्मंडीला.

मांजर आता बिळाशी आलं. १८ मे ला चर्चिल यांनी मजूर पक्षाला पत्र पाठवलं की, जपान हरेपर्यंत सरकार असंच चालू ठेवूया. त्या वेळचा अंदाज असा होता की, जर्मनीनंतर जपानला हरवायला आणखी दीड वर्ष लागेल. लोकांची मान्यता हवी तर सार्वमत घेऊ, असंही त्यांनी सुचवलं. आश्चर्य म्हणजे खुद्द ॲटली आणि बेविन यांचा कल काही काळ थांबावं असाच होता. सामाजिक सुरक्षा आणि सर्वांना रोजगार यांविषयीचं आश्वासन त्या पत्रात घालून घ्यायला ॲटली यांनी हातभारही लावला. पाच वर्षं एका टेबलाशी बसल्यावर माणसांना एकमेकांची सवय होते.

पण मजूर पक्ष ब्लॅकपूलला जमला होता आणि पक्षानं नाही म्हटलं. हवं तर ऑक्टोबरपर्यंत थांबतो, तोवर मतदारयाद्याही नीट होतील, पण जपान हरेपर्यंत नाही. ॲटली यांनी तसं कळवलं. सार्वमताबद्दल त्यांनी लिहिलं की, हे हत्यार नाझी आणि फॅसिस्टांनी वापरलेलं आहे, आमच्या परंपरेत ते बसत नाही. चर्चिल यांना ऑक्टोबर नको होता. २३ मे ला त्यांनी राजीनामा दिला आणि हुजूर पक्षाचं काळजीवाहू सरकार बनवलं. २८ मे ला डाउनिंग स्ट्रीटवर जुन्या सहकाऱ्यांचा निरोप समारंभ झाला, तेव्हा चर्चिल यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतिहासाचा प्रकाश तुम्हा सगळ्यांच्या शिरस्त्राणांवर पडेल, अशा अर्थाचं ते काही बोलले.

आणि मग एका आठवड्यात, ४ जूनला, तेच चर्चिल रेडिओवर म्हणाले की, मजूर पक्षाची समाजवादी व्यवस्था आली तर तिला कुठल्यातरी प्रकारच्या गेस्टापोचा आधार घ्यावा लागेल. ज्यांच्या हाती त्यांनी पाच वर्षं घर सोपवून परदेश दौरे केले, त्यांच्याबद्दल हे. दुसऱ्या दिवशी ॲटली यांनी शांतपणे उत्तर दिलं. मी त्यांचे आभार मानतो, म्हणाले. युद्धाचे नेते चर्चिल आणि पक्षाचे नेते चर्चिल यांच्यात किती अंतर आहे ते लोकांना कळावं, अशीच त्यांची इच्छा असणार.

५ जुलैला मतदान झालं. जगभर पसरलेल्या सैनिकांची मतं यायची होती म्हणून मोजणी २६ जुलैला. मधल्या काळात पॉट्सडॅमला स्टालिन आणि ट्रुमन यांच्याबरोबर परिषद होती, तिथे चर्चिल ॲटली यांना बरोबर घेऊन गेले. निकाल काय लागेल कोणाला ठाऊक, कोणीही आलं तरी देशाचं काम अडू नये. निकाल लागला. मजूर पक्षाला ३९३ जागा. पॉट्सडॅमला परत गेले ते ॲटली, पंतप्रधान म्हणून. अमेरी बर्मिंगहॅममध्ये पडले. आणि जपान? दीड वर्ष कुठलं, १५ ऑगस्टलाच शरण आला.

शेवटी

या सरकारचा शेवट सहसा चर्चिल यांच्याशी कृतघ्नपणा म्हणून सांगितला जातो. मला तसं वाटत नाही. संकटात दिलेला शब्द संकटापुरता असतो आणि तो तेवढ्यापुरताच ठेवणं ही प्रामाणिकपणाची खूण आहे. पलित उंदरानं मांजराचं जाळं तोडलं, शब्द पाळला, मग बिळात गेला. त्यात विश्वासघात कुठे आहे? संकट संपल्यावरही एकी राखूया असं जे सरकार म्हणतं, त्याच्याबद्दल मी जास्त सावध राहीन. कारण मग विरोध करणारा प्रत्येक जण देशद्रोही ठरायला लागतो आणि 'नंतर' हा शब्द कधीच संपत नाही. ब्रिटिशांनी आपलं संयुक्त सरकार मोडलं म्हणून बेव्हरिज यांचा अहवाल कायद्यात उतरला. लांबणीवर टाकलेलं पुन्हा टेबलावर आलं. आपला प्रश्नही त्यातच होता. तो ज्यांनी सोडवला त्यांत ॲटली होते, वडिलांचं म्हणणं तेवढं खरंच होतं.

पण भीष्मांच्या गोष्टीत मला एक उणीव वाटत आलीय. त्या झाडाखाली उंदीर आणि मांजर दोघांचंच जग आहे. करार त्यांचा, धोका त्यांचा, सुटकाही त्यांची. खऱ्या जगात त्या झाडाखाली आणखी कोणीतरी असतं, ज्याला करारात कोणी विचारलेलं नसतं. १९४० ते १९४५ मध्ये तिथे कलकत्त्याच्या फुटपाथवरची माणसं होती. अहमदनगरच्या किल्ल्यातली होती. समान पगार मागणाऱ्या शिक्षिका होत्या. त्या शिक्षिकांना निदान मत होतं. जुलै १९४५ मध्ये त्यांना आपला हिशेब मागता आला. बंगालच्या माणसांना ज्या सरकारनं धान्य नाकारलं, त्याच्याविरुद्ध त्यांना कधी मत देता आलं नाही. आणि ज्यांना द्यावंसं वाटलं असतं, त्यांतले लाखो तोवर गेलेले होते.

म्हणून उद्या कुठेही, कोणत्याही संकटात, सगळे पक्ष एकत्र आले अशी बातमी वाचाल तेव्हा जरूर आनंद माना. त्यानंतर दोन प्रश्न विचारा. ही एकी कधी संपणार आहे, त्याची तारीख किंवा अट कोणी सांगितलीय का? आणि या एकीसाठी कोणाला 'नंतर' म्हणून सांगितलंय, आणि त्या माणसाला 'नाही' म्हणायचा अधिकार आहे का?

वडिलांना मी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार अजून करतो. बहुधा एवढंच म्हटलं असतं की, दादा, ॲटली सज्जनच होता, पण सज्जन माणूस ज्या खोलीत बसलेला असतो, तिथे आपली खुर्ची नसेल तर त्याचा सज्जनपणा आपल्याला वेळेवर पोचत नाही.